घरच्या ग्लव्ह बॉक्सची सफाई: हौशी टिश्यू कल्चरसाठी, इंदूरच्या हवेत

कांद्याची टोपली रिकामी करताना सालांच्या आत आणि तळाशी काळी पूड दिसते. ती ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. टोपली हलवली की तिचे असंख्य बीजाणू हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पंखा चालू असेल तर तासन्‌तास खाली बसत नाहीत. स्वयंपाकात त्याने काही बिघडत नाही. पण शेजारच्या खोलीत तुम्ही टिश्यू कल्चर करत असाल, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बरणीत रोप वाढवत असाल, आणि लिटरला ३० ग्रॅम साखर घातलेल्या माध्यमाची (तुकडा ज्यावर वाढतो त्या पोषक जेलीची) बरणी उघडली असेल, तर त्यातला एक बीजाणू पुरतो. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानाच्या तुकड्याला कोंब फुटायला महिना-दीड महिना लागतो. बुरशी आठवड्याच्या आत बरणी भरून टाकते.

प्रयोगशाळेत यावर लॅमिनार एअर फ्लो नावाचं यंत्र असतं. त्यातला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो आणि गाळलेली हवा एका दिशेने सतत येत राहते. घरच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, म्हणजे भोकांतून हात घालून काम करायच्या बंद पारदर्शक पेटीत, हवा गाळली जात नाही, ती फक्त स्तब्ध राहते. हे नीट समजलं की सफाईचा क्रम आपोआप लक्षात येतो. कामं तीन: चिकटलेली घाण काढायची, उरलेलं मारायचं, आणि तरंगणारं खाली बसू द्यायचं. बहुतेक जण मधल्या कामावर सगळा जोर लावतात, स्प्रेची बाटली रिकामी करतात, आणि पहिलं आणि तिसरं घाईत उरकतात. माझ्या मते सर्वांत जास्त बरण्या तिसरं काम वाचवतं, म्हणजे नुसतं थांबणं. त्याला पैसेही लागत नाहीत.

बॉक्स कशाचा आहे

औषध निवडण्याआधी हे बघायलाच हवं, कारण प्रत्येक औषध प्रत्येक प्लॅस्टिकला चालत नाही.

काच सगळ्यात चांगली. जुना फिश टँक आडवा ठेवून पुढे हातांची भोकं असलेली शीट बसवली, तर ब्लीच, अल्कोहोल, गरम पाणी, काहीही चालतं आणि ओरखडे पडत नाहीत. वजन मात्र भरपूर होतं. कपडे ठेवायचा पारदर्शक डबा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तळाशी त्रिकोणात ५ आकडा आणि पीपी अशी अक्षरं बघा. त्यालाही ब्लीच आणि अल्कोहोल दोन्ही सोसतात. पन्नास-साठ लिटरचा डबा उलटा घालून, लांब बाजूला बारा-तेरा सेंटीमीटरची दोन भोकं पाडली की हौशी कामाला पुरेसा होतो.

ॲक्रिलिक दिसायला सुरेख, आणि दुकानदार तेच सुचवतो. पण ॲक्रिलिकवर अल्कोहोल पुन्हा पुन्हा लागलं की त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात, विशेषतः कापलेल्या कडांजवळ आणि स्क्रूच्या भोवती. भेगांत धूळ बसते, ती कपड्याने निघत नाही. तुमचा बॉक्स ॲक्रिलिकचा असेल तर आतल्या भिंतींना अल्कोहोल लावू नका. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साईड आहे, त्याबद्दल पुढे.

भोकांच्या कडा नखाने तपासून पाहा. जिथे नख अडतं तिथे कपड्याचे धागेही अडतात. बारीक पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत करा, सांधे सिलिकॉन सीलंटने भरा आणि ते पूर्ण वाळू द्या. आत पुठ्ठा, कागदी लेबल, लाकूड, फोम यांतलं काहीही राहू देऊ नका. ही सगळी बीजाणूंची घरं. तळाला एक गुळगुळीत ग्लेझ्ड टाईल ठेवा. ती पुसायला सोपी, जड असल्याने हलत नाही, आणि तिच्यावर ब्लेड चालवलं तरी बॉक्सचा तळ ओरखडत नाही.

एक गोष्ट हातमोजे कायमचे बसवलेल्या बॉक्सबद्दल. बॉक्स अगदी हवाबंद केला तर हात आत घालताना आतली हवा दाबली जाते आणि हात बाहेर ओढताना बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत खेचली जाते. फट कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि तिथून येणारी हवा गाळलेली नसते. म्हणून वरच्या कोपऱ्यात दोन-तीन सेंटीमीटरचं एक भोक मुद्दाम ठेवा आणि त्यावर मायक्रोपोर टेपचे (हवा जाऊ देणाऱ्या कागदी सर्जिकल पट्टीचे) दोन-तीन थर लावा, किंवा त्यात कापसाचा घट्ट बोळा बसवा. श्वास तिथूनच घेतला जाईल. टेप किंवा बोळा दर वेळी नवा.

खोली आणि ऋतू

इंदुरात उन्हाळ्यात सगळ्यात मोठा शत्रू कूलर. त्याचे गवताचे पॅड दिवसरात्र ओले राहतात, त्यांवर बुरशी धरते, आणि कूलर ती थेट खोलीत फेकतो. काम सुरू करण्याच्या किमान एक तास आधी कूलर, पंखा, एसी बंद, खिडक्या बंद. घरात आधीच सांगून ठेवावं लागतं: "आई, दोन तास कूलर लावू नकोस आणि या खोलीत केर काढू नकोस." मे महिन्यात दुपारी हे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकू नयेही. पहाटेची वेळ धरा. माळव्यात उन्हाळ्यातही पहाटे खोली सुसह्य असते आणि रस्त्यावर वर्दळ नसल्याने धूळही कमी.

केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसा. झाडूने बसलेली धूळ परत उठते. स्वयंपाकघर तर नकोच: तिथे पीठ उडतं, इडलीचं पीठ आंबतं, दह्याचं विरजण असतं, कांदे-बटाटे असतात. यीस्ट, जिवाणू आणि बुरशी, तिन्हींची सोय एका ठिकाणी. उदबत्ती लागते ती खोलीही टाळा. पडदे, गाद्या, पुस्तकं कमी असलेली छोटी खोली उत्तम.

पहिल्यांदा करत असाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या दरम्यान सुरुवात करा. हवा कोरडी, पंखा बंद, भिंतींना ओल नाही. पावसाळ्यात रामबाग-नारायणबागेकडच्या जुन्या घरांत भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात, त्या दिवसांत नवशिक्याने हात घालू नये. आणि रंगपंचमीच्या गेरच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी बॉक्स झाकूनच ठेवावा. गुलालाची बारीक पूड बंद खिडकीतूनही घरात शिरते आणि दुसऱ्या दिवशीही पंख्याच्या पात्यांवर सापडते.

कोणतं औषध काय मारतं

साबण काहीच मारत नाही असं समजून लोक तो वगळतात. पण तेलकट बोटांचे ठसे, माध्यमाचे वाळलेले थेंब, धूळ हे सगळं साबणच काढतो. घाण राहिली तर ब्लीच तिच्यावरच खर्च होतं आणि तिच्याखालचे बीजाणू वाचतात. भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी पुरे.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट. बीजाणूंना मारणारं घरगुती औषध हेच. कपड्यांचं साधं, बिनवासाचं लिक्विड ब्लीच घ्या आणि लेबलवर टक्केवारी वाचा. आपल्याला साधारण अर्धा टक्का हवं. बाटलीत ४ टक्के असेल तर एक भाग ब्लीच आणि सात भाग पाणी; ५ टक्के असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. भिंत १० मिनिटं ओली राहायला हवी. लावलं आणि लगेच पुसलं तर उपयोग नाही. पातळ केलेलं ब्लीच दुसऱ्या दिवशी भरवशाचं राहत नाही, तेव्हा रोज नवं करा. जुनं, उन्हात ठेवलेलं ब्लीच बाटलीतही कमजोर होतं.

यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेला काच क्लीनरही नको. आणि ब्लीचची ओल असताना त्यावर अल्कोहोल मारू नका, त्यांच्या मिश्रणातून क्लोरोफॉर्मसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. दोन्हींच्या मध्ये पाण्याने पुसणं हवंच. स्टीलच्या चिमट्यांना ब्लीच लागलं तर लगेच धुवा, नाहीतर गंजाचे ठिपके पडतात.

अल्कोहोल ७० टक्केच. जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगलं असं वाटतं, पण प्रथिनं बिघडवायला पाणी लागतं. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल पेशीचा बाहेरचा थर घट्ट करतं, आत पुरतं शिरत नाही, आणि चटकन उडून जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानात आयपीए म्हणतात, ते ९९ टक्के असेल तर ७०० मिलिलिटर घेऊन डिस्टिल्ड वॉटर एक लिटरच्या खुणेपर्यंत घाला. बॅसिलससारख्या जिवाणूंच्या बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. म्हणून ते ब्लीचच्या नंतर येतं, ब्लीचच्या जागी नाही. हँड सॅनिटायझरची जेल वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर सोडतं. डेटॉलचंही तेच: तेलकट थर राहतो आणि बीजाणू मरत नाहीत.

हायड्रोजन पेरॉक्साईड औषधाच्या दुकानात ६ टक्क्यांचं मिळतं, लेबलवर २० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं की ३ टक्के होतं. शेवटी त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागे काही उरत नाही. ॲक्रिलिकच्या बॉक्ससाठी हे, आणि सगळ्यांनाच शेवटच्या फवाऱ्यासाठी. ब्लीचमध्ये हेही मिसळायचं नाही.

दोन गोष्टी घरात आणूच नका. फॉर्मालिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी जुन्या प्रयोगशाळांत देत. फॉर्माल्डिहाईड कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे, आणि घरात त्याचा वास पडद्यांत-गाद्यांत राहतो. दुसरी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. जंतू मारणारी यूव्ही-सी २५४ नॅनोमीटरची असते. जांभळा उजेड देणारे स्वस्त एलईडी बल्ब आणि नेल पार्लरचे दिवे ती देत नाहीत. खरी ट्यूब मिळाली तरी ती सावलीत काम करत नाही, बरणीच्या मागची बाजू तशीच राहते, प्लॅस्टिक पिवळं आणि ठिसूळ होतं, आणि डोळ्यांना इजा होते. इतक्या छोट्या बॉक्सला तिची गरज नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. दवा बाजारात सर्जिकल ब्लेड, सुटे निर्जंतुक हातमोजे, पेरॉक्साईड, आयपीए, मायक्रोपोर टेप हे सगळं एका फेरीत होतं. ११ नंबरचं ब्लेड मागा, टोकदार असतं आणि प्रत्येक ब्लेड स्वतंत्र फॉइलमध्ये निर्जंतुक केलेलं येतं. सियागंजात आगर-आगर (माध्यम घट्ट करणारी पूड), ॲल्युमिनियम फॉइल आणि डबे मिळून जातात.

ज्योत आत नको

स्पिरिटचा दिवा बॉक्समध्ये पेटवून चिमटे लाल करताना काही जण दिसतात. कृपा करून हे करू नका. ७० टक्के अल्कोहोलची वाफ १७-१८ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी तयार होते. इंदुरात डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री सोडल्या तर खोलीचं तापमान बहुतेक वेळा याच्या वर असतं. बंद बॉक्स, भिंतींना नुकतंच लावलेलं अल्कोहोल, आत तुमचे दोन्ही हात आणि रबरी मोजे. ठिणगी पडली तर हात बाहेर काढायलाही वेळ मिळत नाही. शिवाय ज्योतीने हवा तापून वर चढते आणि जी धूळ खाली बसवायला आपण थांबलो ती परत फिरू लागते. म्हणजे दिवा कामाचाही नाही. चिमटे आधीच कुकरमधून काढून ठेवा. बॉक्सचा दिवाही बाहेरच ठेवा, वरून उजेड पडेल असा.

कुकर

माध्यम, पाणी, चिमटे, पुसायचे कपडे, सगळं कुकरमधून जातं, आणि बॉक्स कितीही स्वच्छ असला तरी इथे चूक झाली तर सगळं वाया. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक करायच्या कुकरमध्ये, १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं असा नियम. आपल्या घरच्या कुकरची शिट्टी साधारण तेवढ्याच दाबावर उचलते. पण इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि कुकरच्या आतलं तापमानही अंशा-दोन अंशांनी कमी भरतं. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून २५ मिनिटं धरा.

तळाला जाळी ठेवून दोन-तीन सेंटीमीटर पाणी घाला. बरण्या निम्म्याच भरा आणि झाकणं घट्ट करून पाव फेरा सैल सोडा. झाकण लावल्यावर शिट्टी लगेच ठेवू नका. वाफ जोरात येऊ लागली की पाच-सात मिनिटं तशीच जाऊ द्या, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा अडकली तर दाब दिसतो पण तापमान चढत नाही. डाळ शिजवताना हे कोणी करत नाही, म्हणून इथे हमखास राहून जातं. झाल्यावर शिट्टी उचलून वाफ काढू नका. एकदम दाब उतरला की माध्यम उकळून झाकणापर्यंत येतं. कुकर आपोआप थंड होऊ द्या.

चिमटे बंद स्टीलच्या डब्यात घालून कुकरमध्ये ठेवणं ही आणखी एक नेहमीची चूक. घट्ट डब्यात वाफ शिरत नाही, आत नुसती कोरडी उष्णता राहते, आणि कोरड्या उष्णतेला १६० अंशांवर दोन तास लागतात. कुकर तिथवर पोचत नाही. चिमटे आणि ब्लेडचं हँडल ओलसर टिश्यू पेपरच्या तुकड्यासकट फॉइलमध्ये सैल गुंडाळा, किंवा जाड कागदात. घरी ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर कोरडे चिमटे १६० अंशांवर दोन तास ठेवले तरी चालतं.

सोबत दोन मायक्रोफायबरची फडकी आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरही कुकरमधून काढा. जुनी सुती साडी किंवा धोतर मऊ असतं खरं, पण धागे सोडतं. चार-पाच चिमटे करून ठेवा; एकच असेल तर मध्ये तो कुठेतरी टेकला की काम थांबतं.

सफाई, क्रमाने

पहिला भाग ओटल्यावर किंवा मोरीत, उघड्या हवेत. हातमोजे आणि चष्मा घालून बॉक्स साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा. कोपरे, भोकांच्या कडा आणि सिलिकॉनचे सांधे मऊ ब्रशने घासा. बसवलेले हातमोजे असतील तर उलटे करून बोटांच्या टोकांपर्यंत धुवा, मागच्या खेपेची पावडर आणि घाम तिथेच साठतो. साध्या पाण्याने खळबळून घ्या.

मग ब्लीचचं पाणी. वरच्या भिंतीपासून सुरुवात, मग मागची, बाजूच्या, पुढची, शेवटी तळ. सुकू लागलेला भाग परत ओला करत १० मिनिटं भरा. टाईललाही हेच. त्यानंतर कुकरमधून काढलेल्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा पुसा. नळाचं किंवा बोरिंगचं पाणी नको: क्षारांचे पांढरे डाग पडतात, खडबडीत होतात आणि त्यांत पुढच्या खेपेची धूळ बसते.

आता बॉक्स खोलीत न्या. खोली आधीच पुसलेली, पंखा बंद. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, बाह्या कोपराच्या वर, अंगठी-बांगड्या-घड्याळ काढलेलं. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, नवे मोजे घाला, त्यांवर ७० टक्के अल्कोहोल मारून ते सुकेपर्यंत चोळा.

फडक्याची दोनदा घडी घाला म्हणजे चार थर होतात, अल्कोहोलने ओलं करा आणि एकाच दिशेने पुसा: छत आधी, मागून पुढे, मग भिंती वरून खाली, तळ शेवटी, आतून भोकांकडे. प्रत्येक भिंतीला घडीची नवी बाजू. मागे-पुढे घासू नका, उचललेलं परत तिथेच बसतं. ॲक्रिलिक असेल तर इथे अल्कोहोलऐवजी ३ टक्क्यांचं पेरॉक्साईड. पृष्ठभाग आपोआप वाळू द्या, फुंकर नको, पंखा नको.

मग सामान आत. प्रत्येक बरणी, फॉइलची गुंडाळी, ब्लेडचं पाकीट बाहेरून अल्कोहोलने पुसून मगच. स्वच्छ वस्तू डावीकडे, वापरलेल्या ठेवायला उजवीकडे एक रिकामी ताटली, मध्ये टाईल. जे लागणार आहे ते सगळं आत्ताच. अर्ध्यात "एक चिमटा राहिला" म्हणून बॉक्स उघडला की थांबणं पहिल्यापासून. डावखुऱ्यांनी बाजू उलट करावी.

सगळं मांडून झालं की पेरॉक्साईडचा अगदी बारीक फवारा छताकडे दोन-तीनदा मारा. पार्लरमध्ये केसांना पाणी मारतात तसली बाटली हवी; मोठे थेंब पडले तर बरण्यांवर ओघळ येतात. हे तुषार खाली येताना तरंगणाऱ्या कणांना सोबत आणतात. भोकं झाका.

किती थांबायचं

इथे आकडे बघण्यासारखे आहेत. स्तब्ध हवेत ५ मायक्रॉनचा बीजाणू सेकंदाला पाऊण मिलिमीटर वेगाने पडतो. बॉक्सची उंची ४० सेंटीमीटर धरली तर त्याला तळाशी यायला नऊ मिनिटं लागतात. ३ मायक्रॉनच्या कणाला मात्र पंचवीस मिनिटं. पेनिसिलियम जातीचे हिरवे-निळे बीजाणू, शिळ्या ब्रेडवर येतात ते, याच आकाराचे. म्हणून अर्धा तास. पाच मिनिटांत हात घालणारा फक्त मोठी धूळ टाळतो. तासभर थांबलात तर अजून बरं, पण अर्ध्या तासाच्या खाली येऊ नका. १ मायक्रॉनचे कण तीन तासांतही पुरते बसत नाहीत, पण ते फार करून सुटे जिवाणू, आणि असे सुटे जिवाणू घरातल्या हवेत कमी असतात. बहुतेक धुळीच्या किंवा त्वचेच्या मोठ्या कणांवर बसून येतात आणि त्या कणांबरोबर खाली जातात.

या वेळात खोलीत फिरू नका. खुर्चीवर बसून राहा, किंवा बाहेर जाऊन दार हळू लावा आणि परतल्यावर पाच मिनिटं शांत बसा.

आत काम करताना

हात घालायच्या आधी मोज्यांवर परत अल्कोहोल, आणि ते पूर्ण सुकू द्या. ओला हात झाडाच्या तुकड्याला लागला तर तो जळतो.

आत सगळं संथ. हात झटकन हलला की तळाशी बसलेलं परत उठतं. उघड्या बरणीच्या वरून हात कधीही जाऊ देऊ नका; बोटांवरून गळणारं सरळ आत पडतं. बरणी तिरपी धरा, झाकण खाली तोंड करून त्याच हाताच्या करंगळीत धरा, तुकडा ठेवा, लगेच बंद करा. झाकण ठेवायचंच असेल तर टाईलवर पालथं. बरणी उघडी राहण्याचा वेळ मनात मोजत राहा, दहा सेकंदांत व्हायला हवं. प्रत्येक झाडाला नवं ब्लेड. चिमट्याचं टोक टाईलला किंवा मोज्याला लागलं की तो उजवीकडच्या ताटलीत गेला, त्यावर वाद नको. बोलू नका, मास्क असला तरी. बंद झालेल्या बरणीच्या झाकणाला क्लिंग फिल्मचे दोन वेढे.

रोपाआधी चाचणी

महाग ऑर्किड किंवा हौसेने मिळवलेली फिलोडेंड्रॉन पणाला लावण्याआधी बॉक्सची परीक्षा घ्या. यासाठी रोपांचं एमएस (मुराशिगे-स्कूग) माध्यम खर्च करू नका. ५० ग्रॅम बटाट्याचे तुकडे पाण्यात उकळा, ते पाणी गाळून २५० मिलिलिटर करा, त्यात ५ ग्रॅम साखर आणि ४ ग्रॅम आगर पावडर घालून विरघळवा. बुरशीला हे फार आवडतं. चार छोट्या बरण्यांत घालून कुकरमधून काढा.

पहिली बरणी अजिबात उघडायची नाही. दुसरी, अर्धा तास थांबून झाल्यावर, बॉक्समध्ये उघडून तशीच अर्धा तास ठेवायची, हात न हलवता. मग ती बंद करून तिसरी उघडायची आणि तिच्या शेजारी खोटं खोटं काम करायचं: चिमटा उचलणं, ब्लेड लावणं, झाकणं उघडणं-लावणं. चौथी खोलीतच टेबलावर अर्धा तास उघडी. सगळ्या बंद करून, लेबल लावून, अंधारात आठवडाभर ठेवा. इंदूरच्या थंडीत दहा दिवस, कारण वाढ मंदावते.

पहिलीत काही आलं तर दोष कुकरचा किंवा झाकणाचा, बॉक्सला हात लावू नका. पहिली स्वच्छ आणि दुसरीत ठिपके, तर हवा बसली नाही किंवा भिंती नीट पुसल्या गेल्या नाहीत. दुसरी स्वच्छ आणि तिसरी खराब, तर गडबड हातांची: वेग, मोजे, चिमटे. बसवलेल्या हातमोज्यांचा बॉक्स असेल तर श्वासाचं भोक आधी तपासा. चौथीत भरपूर वाढ दिसायला हवी. तिच्यात काहीच आलं नाही तर माध्यमातच खोट आहे आणि बाकीच्या तीन स्वच्छ बरण्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

पुढे खऱ्या रोपांच्या बरण्यांतही असंच वाचता येतं. बुरशी कापसासारखी, आधी पांढरी, मग हिरवी किंवा काळी. जिवाणू दुधाळ, चकचकीत, बुळबुळीत. तुकड्यापासून लांब, माध्यमाच्या मधोमध गोल ठिपका आला तर तो वरून पडला. तुकड्याच्या बुडाशीच दुधाळ वलय आलं तर ते झाडाबरोबर आलं: बरणीत घालण्याआधी तुकडा ब्लीचमध्ये बुडवून स्वच्छ करतात, त्यात तो कमी वेळ राहिला, किंवा जिवाणू पेशींच्या आतच होते. अशा वेळी बॉक्स दहा वेळा पुसून फरक पडत नाही.

काम झाल्यावर

माध्यमाचे थेंब ओले असतानाच पुसा. वाळले की त्यांवर बुरशी धरते आणि पुढच्या खेपेला बॉक्सच बियाणं होतो. आधी पाण्याने, मग अल्कोहोलने (ॲक्रिलिकला पेरॉक्साईडने), भोकांवर प्लॅस्टिक लावून बॉक्स पालथा ठेवा. त्यात दुसरं सामान भरू नका. रोज काम करत असाल तर प्रत्येक वेळी ब्लीच लागत नाही, शेवटचं पुसणं आणि थांबणं पुरतं. पण आठवड्यातून एकदा, किंवा बरणीत बुरशी दिसल्याबरोबर, साबणापासून सगळं.

खराब झालेली बरणी खोलीत उघडू नका. हिरवी बुरशी आलेल्या बरणीचं झाकण काढताच त्या खोलीची हवा काही दिवस कामाची राहत नाही. झाकण न उघडता, क्लिंग फिल्म काढून बरणी तशीच कुकरमध्ये ठेवा आणि ३० मिनिटं द्या. मग खुशाल धुवा. शिजून मेलेलं माध्यम आणि झाडाचे तुकडे कंपोस्टमध्ये चालतात. इंदूरचं नाव जगभर कंपोस्टशी जोडलं गेलं ते १९२४ साली इथे सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीमुळे. तिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेल्या रीतीला आजही इंदूर पद्धत म्हणतात. त्या ढिगात बुरशीचं स्वागतच आहे. फक्त ढीग बॉक्सच्या खोलीपासून आणि तिच्या खिडकीपासून लांब असू द्या, आणि तो उलथल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच बॉक्सजवळ या.